अल्बर्ट बास्करव्हिल आणि १९०७-०८ चा ‘ऑल गोल्ड्स’ दौरा : हौशी खेळाच्या अर्थकारणाचा एक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडेतिहास हा आपल्याकडील इतिहासलेखनात अद्यापही दुय्यम समजला जाणारा विषय आहे. सामने, विक्रम आणि विजेते यांच्या नोंदी विपुल असतात. परंतु खेळ उभा करण्यासाठी लागणारा पैसा कोठून आला, तो कोणाच्या हाती गेला आणि ज्यांच्या अंगमेहनतीवर तो मिळाला त्यांच्या पदरात काय पडले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात न्यूझीलंडमधील रग्बी लीगचा आद्य संघटक अल्बर्ट हेन्री बास्करव्हिल (१८८३-१९०८) याच्या अल्पायुषी जीवनाचा याच प्रश्नांच्या अनुषंगाने विचार केला आहे. काही नोंदींत त्याचे आडनाव ‘बास्किव्हिल’ असेही आढळते. येथे रूढ रूप स्वीकारले आहे.

बास्करव्हिल हा थोर खेळाडू नव्हता. न्यूझीलंडच्या ‘ऑल ब्लॅक्स’ या प्रसिद्ध राष्ट्रीय संघात त्याला कधी स्थान मिळाले नाही. तो वेलिंग्टनच्या टपाल कार्यालयात कारकून होता आणि पंचविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. तरीही त्याने उभा केलेला दौरा घडला नसता, तर दक्षिण गोलार्धातील रग्बी लीगचा इतिहास निराळ्या वळणाने गेला असता. ‘न्यूझीलंडमध्ये पैशाचा खेळ आणणारा’ अशी त्याची ओळख सामान्यतः करून दिली जाते. ही ओळख अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बास्करव्हिलने खेळाडूंना कोणाचे पगारदार केले नाही. त्याने त्यांना भागीदार केले. हा भेद लक्षात घेतला नाही, तर त्याच्याविरुद्ध उसळलेल्या संतापाची तीव्रताही उलगडत नाही आणि त्याच्या प्रयोगाचे पुढे काय झाले तेही उलगडत नाही.

हौशीपणाची पार्श्वभूमी

रग्बीतील फुटीचे मूळ उत्तर इंग्लंडच्या गिरण्या आणि खाणींत आहे. यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांतील खेळाडू बहुतांशी कामगार होते. शनिवारी दूरच्या गावी सामना असला म्हणजे त्यांची मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी भरून देण्याची मुभा असावी, एवढीच त्यांच्या क्लबांची मागणी होती. इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियनच्या १८९३ मधील सर्वसाधारण सभेत ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी एकत्र येऊन ‘नॉर्दर्न युनियन’ ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. प्रारंभी बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला सहा शिलिंगांची मर्यादा होती. १८९८ मध्ये उघड मोबदला देण्यास मान्यता मिळाली, मात्र खेळाडूला अन्य नोकरी असलीच पाहिजे अशी अट घालण्यात आली.

क्रिकेटमुळे मराठी वाचकाला ‘जंटलमन’ आणि ‘प्लेयर्स’ हा इंग्रजी भेद परिचित आहे. क्रिकेटने हे दोन्ही वर्ग एका मैदानावर, वेगवेगळ्या दरवाजांतून का होईना, उतरू दिले. रग्बीने तेवढेही केले नाही. नॉर्दर्न युनियनशी संबंध आलेला खेळाडू जुन्या संस्थेतून कायमचा बाहेर जाई.

खेळाचे नियमही निराळे होत गेले. सीमारेषेबाहेर गेलेला चेंडू परत आणण्याची ‘लाइन-आउट’ पद्धत १८९७ मध्ये रद्द झाली. १९०६ मध्ये खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरा करण्यात आली. मैदान मोकळे झाले आणि चेंडू हाती घेऊन धावण्याला वाव मिळाला. हे बदल प्रेक्षकांना बांधून ठेवण्यासाठी होते. तिकिटांवर चालणाऱ्या खेळाला प्रेक्षकांची रुची नजरेआड करता येत नाही.

न्यूझीलंडमध्ये मात्र १९०५ पर्यंत अशी फूट पडलेली नव्हती. त्या वर्षी ‘ऑल ब्लॅक्स’ संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. परतीच्या प्रवासातील सामने धरून एकूण पस्तीस सामन्यांपैकी केवळ एकात, १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफ येथे वेल्सविरुद्ध ०-३ असा, त्याचा पराभव झाला. संघाने ९७६ गुण मिळवले आणि प्रतिस्पर्ध्यांना केवळ ५९ मिळू दिले. मैदाने भरून वाहिली. न्यूझीलंड युनियनच्या तिजोरीत हजारो पौंडांची भर पडली. खेळाडूंना मिळाले ते दिवसाला तीन शिलिंग. कित्येक महिने कामधंदा सोडून आलेल्या शेतकरी, लोहार, कारागीर अशा माणसांना हा हिशेब दिसत नव्हता असे नाही.

टपाल कार्यालयातील कारकून

बास्करव्हिलचा जन्म १५ जानेवारी १८८३ रोजी ते अरोहाजवळील वायोरोंगोमाई या सोन्याच्या खाणींच्या वस्तीत झाला. पुढे तो वेलिंग्टनला आला, टपाल खात्यात नोकरीस लागला आणि तेथील ओरिएंटल क्लबकडून रग्बी खेळू लागला. १९०७ मध्ये त्याचे ‘मॉडर्न रग्बी फुटबॉल : न्यूझीलंड मेथड्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चोवीस वर्षांच्या कारकुनाने असे पुस्तक लिहावे याचे नवल वाटते. ‘ऑल ब्लॅक्स’च्या दौऱ्यानंतर न्यूझीलंडच्या पद्धतीविषयी सर्वत्र कुतूहल होते. स्क्रममध्ये आठऐवजी सातच आघाडीवीर, त्यातून मोकळा झालेला ‘विंग-फॉरवर्ड’, मधल्या फळीतील ‘फाइव्ह-एट्थ’ ही रचना इंग्रजांना अपरिचित होती. ती समजावून सांगणारे हे पुस्तक नवखे, खेळाडू आणि प्रेक्षक या तिघांसाठी लिहिले आहे, असे त्याच्या उपशीर्षकातच म्हटले होते.

यातील विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. जुन्या संस्थेच्या खेळपद्धतीचा हा निष्ठावंत भाष्यकार त्याच वर्षी तिचा सर्वांत मोठा शत्रू ठरला. परंतु त्याची दृष्टी दोन्हीकडे एकच आहे. खेळ ही अभ्यासाने, नियोजनाने आणि विभागणीने साधणारी गोष्ट आहे, असे पुस्तक लिहिणारा मनुष्य मानतो. खेळाडूंच्या श्रमाचे आणि उत्पन्नाचेही नियोजन करता येईल, असे त्याला वाटू लागले असेल तर ते स्वाभाविकच म्हणावे लागेल.

१९०७ च्या प्रारंभी बास्करव्हिलने नॉर्दर्न युनियनला पत्र लिहून न्यूझीलंडचा संघ आणण्याचा प्रस्ताव मांडला. हा विचार मुळात कोणाचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १९०५ च्या संघातील जॉर्ज स्मिथ हा नामांकित धावपटू उत्तर इंग्लंडमधील खेळाची माहिती घेऊन परतला होता. सिडनीतील उद्योजक जेम्स गिल्टिनन याच्याशीही त्याचा परिचय होता. सिडनीच्या घडामोडींवर भर देणारे लेखक साहजिकच गिल्टिननला अग्रस्थान देतात. श्रेयाची ही वाटणी फारशी फलदायी नाही. कल्पना अनेकांच्या मनात असू शकते. पत्रव्यवहार करणे, खेळाडूंना गुप्तपणे गाठणे, अटी ठरवणे आणि पैसा उभा करणे हे काम करण्यासाठी बास्करव्हिलने मात्र आपली नोकरी सोडली.

पन्नास पौंडांचा करार

नॉर्दर्न युनियनने प्रस्ताव स्वीकारला. तिकिटांच्या उत्पन्नातील मोठा वाटा आणि किमान रकमेची हमी देण्याचे तिने मान्य केले. परंतु इंग्लंडपर्यंत जाण्याचा खर्च कोण करणार? येथे बास्करव्हिलच्या योजनेचे वेगळेपण दिसते. त्याने सावकार शोधला नाही. प्रत्येक खेळाडूने पन्नास पौंड घालावेत आणि नफा झाल्यास तो सर्वांनी वाटून घ्यावा, असे ठरले. पन्नास पौंड ही त्या काळी कामगाराची कित्येक महिन्यांची कमाई होती. दौरा फसला असता तर ती बुडाली असती, आणि मायदेशी रग्बी खेळण्याचा मार्गही बंद झाला असता.

न्यूझीलंड युनियनची प्रतिक्रिया कठोर होती. निवडीस पात्र खेळाडूंकडून आपण हौशी असल्याची आणि या दौऱ्याशी आपला संबंध नसल्याची लेखी ग्वाही मागण्यात आली. बास्करव्हिलवर युनियनच्या अखत्यारीतील मैदानांवर येण्यास बंदी घातली गेली. लंडनमध्ये युनियनच्या बाजूने असा प्रचार झाला की, असा संघ मुळी अस्तित्वातच नाही. खेळाडूंची नावे निघेपर्यंत गुप्त ठेवावी लागली. संघात १९०५ चे चार खेळाडू होते : स्मिथ, बिल मॅकरेल, ‘मासा’ जॉन्स्टन आणि डंकन मॅकग्रेगर. कर्णधारपद ‘बंपर’ राइटकडे, व्यवस्थापन हॅरी पामरकडे आणि सचिवपद बास्करव्हिलकडे होते.

युनियनला एवढा राग का यावा? एखादा खेळाडू इंग्लंडच्या क्लबने पैसे देऊन नेला असता, तर ती एका माणसाची गळती ठरली असती. येथे खेळाडूंनीच दौऱ्याची मालकी घेतली होती. १९०५ मध्ये जे उत्पन्न संस्थेकडे गेले ते संस्थेशिवायही मिळवता येते, हे यातून सिद्ध होणार होते. हौशीपणाचे तत्त्व मोठ्या आवाजात सांगितले जात होते खरे. पण त्या तत्त्वाखाली तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात हा व्यवहारी प्रश्न दडलेला होता. युनियनच्या सर्व पदाधिकाऱ्यांना ढोंगी ठरवण्याचा येथे हेतू नाही. पैशाने खेळ नासतो असे मनापासून मानणारे लोक त्यांत होतेच. मात्र पैसा आधीच खेळात आलेला होता, हे त्यांनी लक्षात घेतले नाही.

सिडनी, कोलंबो आणि लीड्स

संघ प्रथम सिडनीला गेला. तेथे ८ ऑगस्ट १९०७ रोजी बेटमन यांच्या क्रिस्टल हॉटेलात न्यू साउथ वेल्स रग्बी लीगची स्थापना झाली होती. गिल्टिनन तिचा सचिव होता. कोषाध्यक्ष होता व्हिक्टर ट्रम्पर. होय, क्रिकेटच्या इतिहासात अजरामर झालेला तोच ट्रम्पर. त्याचे क्रीडासाहित्याचे दुकान या हालचालींचे एक केंद्र होते. १७ ऑगस्टपासून सिडनीत तीन सामने झाले आणि तिन्ही न्यूझीलंडने जिंकले. गंमत अशी की, नॉर्दर्न युनियनच्या नियमांची पुस्तिका कोणाकडेच नसल्यामुळे हे बंडखोर सामने जुन्याच नियमांनी खेळले गेले. पैशासाठी खेळणारे म्हणून तेथील वृत्तपत्रांनी संघाला ‘ऑल गोल्ड्स’ असे उपहासाने संबोधले. पुढे हेच नाव अभिमानाने मिरवले गेले. सिडनीचा डॅली मेसेंजर हा अत्यंत गुणी खेळाडू येथून संघासोबत निघाला आणि दौऱ्यात सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला.

वाटेत कोलंबो येथे सिलोनच्या संघाशी एक सामना झाला. ऑक्टोबरच्या आरंभी संघ लीड्सला पोहोचला तेव्हा स्थानकावर हजारोंचा जमाव होता. त्यानंतर जेमतेम आठवडाभरात या खेळाडूंना नवा खेळ शिकायचा होता. ज्या नियमांखाली ते पोट भरण्यास आले होते, त्या नियमांनी त्यांतील बहुतेकजण एकदाही खेळलेले नव्हते. ९ ऑक्टोबर रोजी ब्रॅम्लीविरुद्धचा पहिला सामना त्यांनी २५-६ असा जिंकला.

ब्रिटनमधील पस्तीस सामन्यांपैकी एकोणीस जिंकले, चौदा हरले, दोन बरोबरीत सुटले. १९०५ च्या तुलनेत हे आकडे फिके वाटतात. परंतु हिवाळाभर, अपरिचित नियमांनी, सराईत क्लबांशी खेळलेले सामने होते हे. १ जानेवारी १९०८ रोजी अ‍ॅबरडेअर येथे वेल्सने त्यांना ९-८ असे हरवले. वेल्सच्या विजयात डाय जोन्स या खाणकामगाराचा वाटा निर्णायक होता. १९०५ मध्ये कार्डिफला ‘ऑल ब्लॅक्स’ना हरवणाऱ्या संघातही तो होता. अडीच वर्षांपेक्षाही कमी काळात तो एका रग्बीतून दुसऱ्या रग्बीत आला होता, हे त्या काळाविषयी बरेच सांगून जाते.

नॉर्दर्न युनियनच्या निवडक संघाशी तीन कसोटी सामने झाले. २५ जानेवारीला लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर यजमान १४-६ असे विजयी झाले. ८ फेब्रुवारीला लंडनमधील स्टॅमफर्ड ब्रिज येथे न्यूझीलंडने १८-६ अशी बरोबरी साधली आणि १५ फेब्रुवारीला चेल्टनहॅम येथे ८-५ असा विजय मिळवून मालिका जिंकली. दुसरा व तिसरा सामना उत्तरेबाहेर ठेवण्यात आला तो हेतुतः. दक्षिणेत आपला खेळ रुजावा, अशी नॉर्दर्न युनियनची इच्छा होती. ती सफल झाली नाही; इंग्लंडमधील रग्बी लीग पुढेही मुख्यतः उत्तरेचाच खेळ राहिला.

आर्थिकदृष्ट्या मात्र दौरा यशस्वी ठरला. खर्च वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे तीनशे पौंड आले. वसाहतीतील एका कारकुनाने पत्रव्यवहारावर आखलेली योजना पूर्णांशाने उतरली होती. सचिव या नात्याने हिशेब, प्रवास आणि वाटाघाटी यांत गुंतलेल्या बास्करव्हिलला स्वतःला मैदानात उतरण्याची संधी क्वचितच मिळाली.

ब्रिस्बेन आणि त्यानंतर

परतीच्या वाटेवर संघ पुन्हा ऑस्ट्रेलियात आला. ९ मे १९०८ रोजी सिडनी येथे न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला ११-१० असे हरवले. या दोन देशांमधील रग्बी लीगचा हा पहिला कसोटी सामना होय. तेथून ब्रिस्बेनला जाताना बोटीवर बास्करव्हिलला न्यूमोनिया झाला. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात धट्टाकट्टा तरुणही या आजारातून उठेलच याची शाश्वती नसे. २० मे रोजी ब्रिस्बेन येथे त्याचे निधन झाले. काही सहकारी त्याचे शव घेऊन वेलिंग्टनला गेले. तेथील करोरी दफनभूमीत त्याचा दफनविधी झाला. उरलेल्या संघाने ३० मे रोजी ब्रिस्बेनची कसोटी २४-१२ अशी जिंकली आणि सिडनीतील अखेरची गमावली.

बास्करव्हिलच्या मृत्यूबरोबर त्याचे संघटनतत्त्वही मागे पडले, ही बाब क्रीडेतिहासात पुरेशी अधोरेखित झालेली नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा ‘कांगारू’ संघ ब्रिटनला गेला तो गिल्टिननच्या व्यक्तिगत जोखमीवर. तो तोट्यात गेला आणि गिल्टिनन कर्जबाजारी झाला. १९०८ मध्येच ‘ओपाई’ आशर याच्या पुढाकाराने माओरी खेळाडूंचा एक संघ ऑस्ट्रेलियाला गेला. १९१० मध्ये न्यूझीलंड रग्बी लीग ही नियामक संस्था स्थापन झाली आणि दौरे तिच्या नावाने होऊ लागले. हे क्रमप्राप्त होते असे म्हणता येईल. भागीदारी एका दौऱ्यापुरती चालते, खेळाचा कायमचा कारभार चालवण्यास संस्था लागते. तरी खेळाडूंनी भांडवल घालून, धोका पत्करून, नफा समान वाटून घेण्याची पद्धत या खेळात पुढे रुजली नाही. पगार मिळाला, मालकी मिळाली नाही.

सहकाऱ्यांपैकी काहींनी इंग्लंडची वाट धरली. स्मिथ ओल्डहॅमकडून खेळला. लान्स टॉड विगनला गेला, तेथे नावारूपास आला आणि १९४२ मध्ये अपघातात मृत्यू पावला. इंग्लंडच्या चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूला दिला जाणारा सन्मान त्याच्या नावाचा आहे. सेंट हेलेन्सकडून खेळणारा ‘जम’ टर्टिल १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात कामी आला. बास्करव्हिलच्या नावाची ढाल मात्र १९९६ मध्ये, त्याच्या निधनानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, न्यूझीलंड आणि ग्रेट ब्रिटन यांच्यातील मालिकेसाठी ठेवण्यात आली. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९९५ मध्ये, रग्बी युनियनने खेळाडूंना मोबदला देण्यावरील बंदी उठवली होती. हडर्सफील्डच्या सभेला तेव्हा शंभर वर्षे पुरी होत होती.

या साऱ्याच्या कितीतरी आधीची एक घटना नोंदवायची राहिली आहे. १३ जून १९०८ रोजी, बास्करव्हिलच्या निधनानंतर महिनाभराच्या आतच, दौऱ्यावरून परतलेल्या खेळाडूंनी वेलिंग्टनच्या अ‍ॅथलेटिक पार्क मैदानावर एक सामना आयोजित केला. आपसांतच लाल आणि काळा असे दोन संघ पाडून ते खेळले. तेरा खेळाडूंचा हा खेळ न्यूझीलंडच्या भूमीवर प्रथमच होत होता आणि जमलेल्या सुमारे आठ हजार प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी तो पूर्वी पाहिलेला नव्हता. यावेळी नफ्याची वाटणी करायची नव्हती. जमलेले तीनशेहून अधिक पौंड बास्करव्हिलच्या विधवा आईला देण्यात आले.